ब्रिटिश खोक्यातून आपलं नॅट

नॅट हे छोटं ब्रिटिश लढाऊ विमान खुद्द ब्रिटिश हवाई दलाने आपल्या ताफ्यात घेतलंच नाही. त्यांनी घेतलं ते दोन आसनांचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं नॅट. 'रेड ॲरोज' या त्यांच्या कसरतपथकाने ते लाल रंगात उडवलं आणि जगभर तेच ओळखीचं झालं. एका आसनाचं लढाऊ नॅट फिनलंडने थोडं वापरलं, पण ते खऱ्या अर्थाने नांदलं आणि लढलं ते भारतात.

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने साठच्या दशकात प्लास्टिकचं जोडणीचं नॅट काढलं. तेही साहजिकच त्यांच्या घरचं, दोन आसनांचं. त्या खोक्यातून १९६५च्या युद्धातलं आपलं नॅट करायचं तर भाग नुसते चिकटवून भागत नाही. कापावं लागतं, घासावं लागतं, काही भाग नव्याने घडवावे लागतात.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो. कानस आणि व्हर्नियर हातात धरूनच नोकरी झाली. आता टिटवाळ्याच्या घरात गॅलरीतल्या टेबलावर तीच हत्यारं लहान कामाला लावतो. डोंबिवलीतल्या एका परिचितांची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना त्यांना हा खोका सापडला आणि तो माझ्याकडे आला. पुठ्ठ्याची एक कड कसरीने खाल्लेली, कॅनोपी म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण तडकलेलं, डेकल म्हणजे चिकटवायची चिन्हं पिवळी पडलेली, एक चाक गायब. जमवणाऱ्याच्या लेखी अशा खोक्याला किंमत नाही. कापाकापी करणाऱ्याला मात्र असाच खोका हवा. तडकलेली कॅनोपी दोन आसनांची होती, ती तशीही टाकूनच द्यायची होती. चाकासाठी, सुटे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले येतात त्याच्या प्लास्टिकचा तुकडा ड्रिलमध्ये धरला आणि कानसीने गोल केला.

हे मॉडेल १:७२ प्रमाणातलं आहे. म्हणजे सहा फुटांचा माणूस इथे एक इंचाचा. लढाऊ नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेत्र्याण्णव मिलिमीटर. दोन आसनी नॅटचा ७.३२ मीटर, म्हणजे जवळपास १०२ मिलिमीटर. तेव्हा दोन्ही टोकांकडून चार-चार मिलिमीटर छाटले की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. लढाऊ नॅटच्या पंखाचं क्षेत्रफळ सुमारे १३७ चौरस फूट, तर दोन आसनीचं १७५. नवशिक्याला संथ वेगातही विमान सांभाळता यावं म्हणून पंख मोठा दिला होता. त्यामुळे पंखाची रुंदीही सरासरी साडेचार मिलिमीटरने उतरवावी लागते.

ही रुंदी मागच्या कडेने कापली की कड जाड राहते, आणि मॉडेलचं सगळं रूप तिथेच बिघडतं. खऱ्या पंखाची मागची कड पात्यासारखी असते. म्हणून वरचा आणि खालचा भाग चिकटवण्याआधी मी दोन्हींच्या आतल्या बाजू सपाट काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासतो. पाण्याचे दोन थेंब, हलका दाब, गोल फिरवणं. बोटाच्या टोकाला प्लास्टिक लवतंय असं जाणवलं की थांबायचं. मग दोन्ही भाग जोडले की कड कागदाइतकी पातळ मिळते. बाहेरून घासलं तर पंखाचा उंचवटाच जातो.

त्यानंतर पंखावरच्या रेघा. दोन आसनीला टोकाकडे एलेरॉन, म्हणजे विमान बाजूला कलतं करणाऱ्या झडपा, आणि आतल्या बाजूला संथ वेगात आधार देणारे वेगळे फ्लॅप. लढाऊ नॅटला एलेरॉन आतल्या बाजूलाच. चाकं उतरली की तेच थोडे खाली झुकून फ्लॅपचंही काम करायचे. म्हणून जुन्या रेघा गाड्यांच्या पुट्टीने बुजवायच्या, घासून सपाट करायच्या आणि स्टीलपट्टीला सुई टेकवून नव्या कोरायच्या. हे काम सकाळच्या उजेडातच करावं. दिव्याखाली रेघ सरळ दिसते आणि दुसऱ्या दिवशी वाकडी निघते.

धडाचं काम त्यामानाने सरळ. मागचं आसन गेलं की नाक आखूड होतं, मॉडेलमध्ये साधारण एक सेंटिमीटरने. लढाऊ नॅटचा नकाशा प्रमाणात झेरॉक्स करून घ्यायचा, धड त्यावर ठेवायचं, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या पुढे बारीक करवतीने काप घ्यायचा, मधला तुकडा काढायचा आणि पुढचा भाग मागे आणून जोडायचा. सांध्याजवळची जाडी जुळत नाही, तिथे पुट्टी. शेपटीचा उभा पंखही थोडा उतरवायचा. मग हवेच्या तोंडांच्या बाहेरच्या भिंतीत एकेक भोक. तिथे ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा असायच्या. शिकाऊ विमानाला तोफा नव्हत्या, म्हणून खोक्यातल्या भागांवर त्यांची खूणही नाही. शेवटी नाकात गळाला लावतात तसं शिसं भरायचं, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं.

कॅनोपी घडवण्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळतो. लाकडाचा साचा कोरायचा, गुळगुळीत करायचा. खेळण्याच्या पाकिटाचं जाड पारदर्शक प्लास्टिक चौकटीत ताणून मेणबत्तीवर धरायचं. ते लोंबू लागलं की साच्यावर एका दमात खाली दाबायचं. थंड झाल्यावर कापून बसवायचं.

एवढा खटाटोप याच विमानासाठी का? डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर या अभियंत्याने ते आखलं. लढाऊ विमानं विनाकारण जड आणि महाग होत चालली आहेत, असं त्याचं ठाम मत होतं. पुढे आपल्याकडेही आलेलं कॅनबेरा हे त्याचंच. १९५६ मध्ये भारताने नॅटचा करार केला आणि बंगळूरला एचएएलमध्ये ही विमानं तयार होऊ लागली. १९६५च्या युद्धात समोर आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानाच्या पंखांचा विस्तार ३७ फुटांहून जास्त, आपल्या नॅटचा जेमतेम २२. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना सेबर पाडल्याचं श्रेय मिळालं. त्याच महिन्यात त्यांचे बंधू डेन्झिल यांनाही. दोघांनाही वीरचक्र. २२ नोव्हेंबर १९७१ला पूर्व सीमेवरच्या बोयऱ्याच्या हवाई लढाईत पुन्हा नॅटच होती. आणि १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला होत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों झेपावले ते नॅट घेऊनच. हवाई दलाचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. या विमानाचं मॉडेल दोन आसनांचं आणि लाल रंगाचं राहावं, हे मला पटत नाही.

१९६५च्या रूपासाठी रंग चंदेरी. टिटवाळ्याच्या पावसाळ्यात मी स्प्रे हातात घेत नाही. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते. ते काम दिवाळीनंतरचं. हवाई दलाचं चक्र बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर छापून चक्र कडेने नेमकं कापायचं.

अजीत करायचं असेल तर हीच कापाकापी करून थांबायचं नाही. नॅटच्या या भारतीय सुधारित रूपाने १९७५ मध्ये पहिलं उड्डाण केलं. त्याच्या पंखातच इंधन भरायची सोय झाली, त्यामुळे पंखाखालच्या जागा शस्त्रांसाठी मोकळ्या झाल्या. मॉडेलमध्ये पंखाखाली चार खुंट्या आणि रॉकेटचे डबे घडवावे लागतात.

आता चेक प्रजासत्ताकातल्या स्पेशल हॉबी कंपनीने एका आसनाचं नॅट आणि अजीत दोन्ही तयार काढली आहेत. वेळ नसेल तर ती जरूर घ्यावीत. पण पंखाची रुंदी का कमी, एलेरॉन आत का, तोफा कुठे, हे ज्याला हाताने समजून घ्यायचं आहे त्याने जुनंच कापावं. खरं नॅट बघायचं असेल तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात ठेवलेलं आहे; फूटपट्टी घेऊन जा, फोटो काढा.

आणि डोंबिवली, कल्याण, ठाण्यात इमारती रिकाम्या होताहेत. माळ्यावर विमानाचा असा जुना खोका निघाला तर भाग अपुरे आहेत म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. एखाद्या शाळेच्या कार्यानुभवाच्या शिक्षकांना किंवा आमच्यासारख्या कोणाला द्या. चाक नसलं तरी चालतं.