सिकलसेल : रोग, संशोधन आणि जात

आपल्या समाजव्यवस्थेने विहिरीला जात दिली, स्मशानाला जात दिली. मग रोगाला तरी ती कशी सोडील? मी महाविद्यालयात शास्त्र शिकवतो आणि गेली काही वर्षे विदर्भातील वस्त्यांमधून सिकलसेल या रोगावर बोलत आलो आहे. बोलणे संपले की कोणी ना कोणी हळूच विचारतो, "सर, हा आपल्याच जातीचा आजार आहे ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात शरम असते. त्याच गावच्या दुसऱ्या आळीत हाच रोग 'त्यांच्यातला आजार' म्हणून ओळखला जातो, आणि तिथे आवाजात सुटकेची भावना असते.

हा समज धडधडीत खोटा असता तर खोडून काढणे सोपे होते. परंतु तो अर्धसत्य आहे. सिकलसेलचा दोष विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महारांत, म्हणजे आजच्या बौद्धांत, आणि गोंड, माडिया, परधान यांसारख्या आदिवासींत बराच आढळतो, ही वस्तुस्थिती आहे. पण तो तिथे का आढळतो, हे नीट सांगितले नाही तर वस्तुस्थितीचाच कलंक होतो. म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे शास्त्र समजून घेतले पाहिजे. ते डॉक्टरांवर सोपवून भागणार नाही.

प्रथम रोग समजून घेऊ. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. तो फुप्फुसांतून प्राणवायू उचलतो आणि शरीरभर पोचवतो. निरोगी पेशी गोल आणि लवचिक असते. बारीकशा नळीतूनही ती वाकून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची घडण बदललेली असते. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ काड्या होतात आणि पेशीला विळ्याचा आकार येतो. अशा पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. मूल रडते, आई त्याला चोळते, शेजारी बाहेरची बाधा म्हणतात.

हा दोष आईबापांकडून येतो. प्रत्येक माणसाला हिमोग्लोबिनचे एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्ही सदोष असतील तर माणूस रोगी होतो. एकच सदोष असेल तर तो वाहक होतो. वाहक हा रोगी नव्हे. तो शेतात राबतो, खेळतो, म्हातारा होतो. बहुधा त्याला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक खेपेला रोगी मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक मूल होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष मूल होण्याची चारात एक असते. 'प्रत्येक खेपेला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब चुकीचा आहे.

आता या संशोधनाचा इतिहास पाहू. वैद्यकशास्त्रात या रोगाची पहिली नोंद १९१० सालची, शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरची. त्याचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. हेरिकच्या लेखात त्याचे नाव नाही. नोएल दंतवैद्य झाला, आपल्या बेटावर परतला आणि १९१६ साली, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, न्यूमोनियाने मरण पावला.

१९४९ साली कॅलिफोर्नियातील संशोधन संस्थेत लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या रोगाचे मूळ रेणूत सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढे केंब्रिज विद्यापीठात व्हर्नन इन्ग्रॅमने हा दोष नेमका पकडला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ कड्या असतात. त्यांपैकी सहावी कडी तेवढी बदललेली असते. एवढ्याशा फरकाने माणसाचे आयुष्य वेदनेत जाते.

पण इतका घातक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? रोगी मुले लहानपणीच मरत असतील तर दोष हळूहळू नाहीसा व्हायला हवा होता. याचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसनने आफ्रिकेतील आपल्या अभ्यासातून दिले. वाहक मुलांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. जिथे डास आणि हिवताप यांनी शतकानुशतके मुले मारली, तिथे वाहक अधिक जगले आणि त्यांच्याबरोबर हे जनुकही जगले. म्हणून ते मध्य आफ्रिकेत आहे, तसेच अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि इटलीच्या सिसिली बेटावरही आहे. ग्रीक आणि सिसिलियन माणसे काही 'काळी' नव्हेत. भारतात ते प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळले. मध्य भारतातील शोध १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिवतापाच्या मुलखात जे राहिले त्यांच्या रक्तात ते राहिले. वाहकाचे रक्त हलके नाही. एका मोठ्या संहारातून वाचलेल्यांचे ते रक्त आहे. मात्र ज्याला प्रत्यक्ष रोग आहे, त्याला हे संरक्षण लाभत नाही. उलट हिवताप त्याला अधिकच धोक्याचा.

इथवर डास आणि निसर्ग. यापुढे जात येते. हिवताप काही जात विचारून चावत नव्हता. मग जनुक काही जातींत दाट आणि शेजारच्या जातींत विरळ का? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात त्यांनी जातीचे मूळ लक्षण म्हणून जातीअंतर्गत विवाहावर बोट ठेवले. आज जनुकशास्त्र त्याच ठिकाणी येऊन थांबते. लग्नाच्या भिंती उभ्या केल्या की आतले जनुक आतच फिरत राहते आणि दोन वाहक एकमेकांना गाठण्याची शक्यता वाढते. थोडक्यात, हे जनुक टिकवले हिवतापाने आणि कोंडून ठेवले जातीने. तरीही ते पूर्ण कोंडले गेलेले नाही. इतर मागासवर्गीय जातींतही त्याचे वाहक आहेत. 'त्यांच्यातला आजार' म्हणणाऱ्यांनी आपलेही रक्त तपासून घ्यावे.

इथे स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. १९५६ साली आपण धर्म बदलला. पण लग्न जमवताना पोटजात विचारायची आपण सोडली का? आंतरजातीय विवाह हा काही सिकलसेलवरचा उतारा नव्हे. त्याची कारणे याहून कितीतरी मोठी आहेत, आणि जनुक त्यानेही नाहीसे होत नाही, फक्त विखुरते. पण पोटजातीच्या भिंती आपण आपल्याच हातांनी लिंपत बसलो तर त्याची किंमत आपली मुले मोजतील, हेही खरे आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी या रोगाशी कसा झगडा दिला, हे आपण मुद्दाम अभ्यासले पाहिजे. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली, गुलामगिरी संपल्यानंतर, मुख्यतः मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघाले. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. रोलंड स्कॉट यांनी १९७० साली एक साधा हिशेब मांडला. १९६७ साली सिकलसेलचे अंदाजे १,१५५ नवे रुग्ण जन्मले. प्रामुख्याने गोऱ्यांत आढळणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे १,२०६. आणि स्नायू झिजवणाऱ्या एका रोगाचे ८१३. पण स्वयंसेवी संस्थांनी जमवलेला निधी पाहा : स्नायूंच्या रोगासाठी ७९ लाख डॉलर, सिस्टिक फायब्रोसिससाठी १९ लाख, आणि सिकलसेलसाठी एक लाखही नाही. रोग्यांची संख्या जवळपास सारखी. कळवळ्याला मात्र रंग होता. स्कॉट यांच्यासारख्यांचा पाठपुरावा आणि रस्त्यावरची चळवळ या दोन्हींचा दाब पडला. ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून वस्त्यांमधून सिकलसेलच्या मोफत तपासण्या सुरू केल्या होत्या. मे १९७२ मध्ये सिकलसेलविषयी राष्ट्रीय कायदा झाला आणि त्याच वर्षी हॉवर्ड विद्यापीठात सिकलसेल केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी मुंबईत पँथरचे नाव घेऊन आपली तरुण पिढी उभी राहिली, हे आपल्याला माहीत आहे. पँथरने दवाखानेही चालवले, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले गेले नाही.

संशोधनाने काय दिले? १९८६ साली डॉ. मेरिलिन गॅस्टन या कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टरच्या नेतृत्वाखालील अभ्यास प्रसिद्ध झाला. सिकलसेलच्या लहान मुलांची प्लीहा लवकर निकामी होते. त्यामुळे न्यूमोनियाचे जंतू रक्तात शिरले की मूल काही तासांत दगावते. या मुलांना रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिले तेव्हा असे जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले. जुनाट रोगातला मृत्यू बहुधा साथीच्या साध्या जंतूकडून येतो आणि स्वस्त औषधाने तो टाळता येतो, हा याचा धडा. १९९५ साली हायड्रॉक्सियुरिया या औषधाने मोठ्यांच्या वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात, हे सिद्ध झाले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकांत फेरबदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर होती. पहिली दोन औषधे आपल्या आवाक्यातली आहेत. तिसऱ्याकडे पाहत पहिली दोन विसरता कामा नयेत.

पण ज्ञानाची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याला अधिक ओळखीची वाटेल. १९७० नंतर अमेरिकेतील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणीची सक्ती करणारे कायदे केले. काहींनी वाहक आणि रोगी यांत फरकच केला नाही. वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले. हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. आणि ज्या लायनस पॉलिंगने रेणूतला दोष शोधला, ज्याला रसायनशास्त्राचे आणि शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली, त्याने १९६८ साली सुचवले की प्रत्येक वाहक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडण्याआधीच एकमेकांना ओळखतील. त्याचा हेतू मुलांची वेदना टाळण्याचा होता, हे मी मान्य करतो. पण गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेल्यांच्या वंशजांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शास्त्रज्ञ थोर असला म्हणून त्याची समाजदृष्टी थोर असतेच असे नाही.

हा प्रश्न आज आपल्या दाराशी आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि मुख्यतः आदिवासी भागातील सात कोटी लोकांची तपासणी, हे त्याचे उद्दिष्ट आहे. अशा अभियानाचे मी स्वागतच करतो. पण 'निर्मूलन' कशाचे, हे विचारलेच पाहिजे. जनुकाचे निर्मूलन होत नाही. आणि वाहकांचे तर मुळीच करायचे नाही. निर्मूलन करायचे ते उपचाराविना होणाऱ्या मृत्यूंचे.

मी पाहिलेल्या एका वस्तीत असे शिबिर झाले, शेकडो लोकांनी रक्त दिले, आणि अहवाल कोणाच्याही हाती आले नाहीत. दुसऱ्या एका गावी अहवाल आले ते चावडीवर मोठ्याने वाचले गेले. एका मुलीचे ठरलेले लग्न मोडले. मुलाची तपासणी झालीच नव्हती, आणि ती करा असे कोणी म्हणालेही नाही. पहिल्या ठिकाणी ज्ञान माणसाला नाकारले, दुसऱ्या ठिकाणी ते त्याच्यावर फेकून मारले.

म्हणून वस्तीत रक्त घ्यायला कोणी आले तर कार्यकर्त्यांनी उभे राहून विचारावे : हे रक्त कशासाठी? अहवाल ज्याचा त्याला, एकांतात आणि त्याच्या भाषेत मिळणार का? वाहक आणि रोगी यांतला फरक कोण समजावून सांगणार? मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी होणार का? रोगी निघालेल्या मुलाला पेनिसिलिन, लशी आणि हायड्रॉक्सियुरिया जवळच्या दवाखान्यात, दर महिन्याला, न चुकता मिळणार का? उत्तरे मिळाली तर रांगेत सर्वांत पुढे आपण असावे. उत्तरे मिळाली नाहीत तर बाही वर करू नये.

शास्त्राला पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही. ज्यांना हजारो वर्षे ज्ञानापासून तोडले, त्यांनी ज्ञान नाकारायचे नसते, ते ताब्यात घ्यायचे असते. आपल्या मुलांनी जनुकशास्त्र शिकावे, रक्तविज्ञानाचे डॉक्टर व्हावे, हॉवर्डसारखी केंद्रे इथे उभारावीत. तोपर्यंत निदान एवढे तरी आपल्या प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक विहारात सांगितले जावे की वाहक असणे हा दोष नाही, रोगी असणे हा अपराध नाही, आणि औषध मिळणे ही मेहेरबानी नाही.