कार्डाच्या स्मृतीचा पत्ता

येडशीच्या शिवारांतील एखाद्या शेताला गांवकरी ‘चिंचेचें रान’ म्हणत असतील. परंतु तलाठ्याच्या दप्तरांत त्या नांवाला थारा नसतो. तेथें त्याच जमिनीची ओळख गट क्रमांकानें होते. जमीन एकच, पत्ते दोन. आणि एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे जावयाचें तर दप्तर उघडावें लागतें. संगणकांत बसविलेल्या कार्डाची स्मृति त्या संगणकाच्या कर्नलला कशी गवसते, हा प्रश्न पुष्कळसा याच जातीचा आहे.

मुख्य स्मृतीचे पत्ते ज्या क्रमांत मोजले जातात, त्याच क्रमांतील एखादा मोकळा पट्टा पीसीआय जातीच्या कार्डाला नेमून दिलेला असतो. हें वांटप यंत्र सुरू होतांच घडतें. अशा पट्ट्यांसाठीं कार्डावर जास्तींत जास्त 6 नोंदकोठे असतात. कोठ्यांत सर्वत्र 1 लिहून तो पुन्हां वाचला म्हणजे कार्डाला किती जागा हवी हें उत्तरांतून कळतें. मग त्याच कोठ्यांत पट्ट्याचा प्रारंभींचा पत्ता लिहिला जातो. त्यानंतर त्या पट्ट्यांत जें लिहावें तें मुख्य स्मृतींत न जातां कार्डाच्या अंगांत उतरतें.

हा झाला भौतिक पत्ता. कार्ड चालविणारा कर्नलमधील ड्रायव्हर मात्र आभासी पत्त्यांनींच बोलतो, आणि त्यांचें भौतिक पत्त्यांत रूपांतर प्रोसेसर एका तक्त्यावरून करतो. कार्डाच्या पट्ट्याची नोंद या तक्त्यांत सहसा आयती नसते. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर प्रथम तो पट्टा आपल्या नांवें राखून घेतो, आणि मग आयओरीमॅप या फंक्शनकरवीं नवी नोंद करवितो. नवखा मनुष्य भौतिक पत्ताच हातीं घेऊन वाचावयास जातो, आणि कित्येकदां सारी यंत्रणा कोसळते. कारण कर्नलमध्यें घडलेला प्रमाद वरून सांवरून घेणारें कोणी नसतें.

पत्ता मिळाला तरी निश्चिंत होतां येत नाहीं. साध्या स्मृतींतील आंकडा वाचल्यावर प्रोसेसर त्याची प्रत जवळच्या कॅशमध्यें ठेवतो व पुढच्या वेळीं तीच दाखवितो. कार्डाचा स्थितिदर्शक कोठा क्षणोक्षणीं बदलत असतो. कांहीं कोठे तर नुसते वाचल्यानेंच पुसले जातात. तेथें जुनी प्रत म्हणजे शुद्ध फसवणूक. यास्तव हा पट्टा कॅशमधून वगळला जातो, आणि कंपायलरनें एखादें वाचन अनावश्यक समजून गाळूं नये म्हणून साध्या पॉइंटरऐवजीं रीडएल आणि रायटएल हीं फंक्शनें वापरलीं जातात.

लिहिण्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. पत्र पेटींत पडलें म्हणजे पोंचलें असें नव्हे. तद्वत् पीसीआय मार्गावरील लेखन वाटेंतच रेंगाळूं शकतें, आणि प्रोसेसर तोंवर पुढच्या कामास लागलेला असतो. ‘थांब’ हा हुकूम कार्डास खरोखर मिळाला कीं नाहीं, याची खात्री हवी असल्यास ड्रायव्हर त्याच कार्डावरील एखादा निरुपद्रवी कोठा वाचतो. वाचनाला आधींच्या लेखनाच्या पुढें धांवतां येत नाहीं; म्हणून उत्तर आलें म्हणजे हुकूमही पोंचला. उत्तरांत सर्वत्र 1 आले तर मात्र संशय धरावा, कारण मुक्या झालेल्या किंवा उपटून काढलेल्या कार्डाचें उत्तर बहुधा तेंच असतें.

एवढी दक्षता कशासाठीं, हें पुणें जिल्ह्यांतील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपकडे पाहिलें म्हणजे उमजतें. या दुर्बिणीस 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. तिच्यासाठीं उभारलेल्या व 2010 सालीं शोधनिबंधांत वर्णिलेल्या एका यंत्रणेंत पीसीआय मार्गावरील अंकीकरण-कार्डें आणि 48 संगणकांचा लिनक्स-समूह योजिला होता. 32 तबकड्यांची सोय, प्रत्येकीचे दोन संकेत, आणि 33 मेगाहर्ट्झचा पट्टा. म्हणजे दर संकेतामागें सेकंदाला किमान 6 कोटि 60 लाख मोजमापें, आणि सर्व मिळून सुमारें 422 कोटि. आकाशांतील स्पंद हुकला तर तो पुन्हां मागवितां येत नाहीं.

असला ओघ एकेक शब्द वाचून उपसणें अशक्य. प्रत्येक वाचनासाठीं प्रोसेसरला कार्डापर्यंतची फेरी संपेतों तिष्ठावें लागतें. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी येडशीवरून जात असे, त्या काळीं माल कुर्डुवाडीस उतरवून मोठ्या गाडीच्या डब्यांत पोत्यागणिक चढवावा लागे. मार्ग रुंद झाल्यावर डबाच सरळ पुढें जाऊं लागला. डीएमए पद्धतींत हेंच घडतें: कार्ड स्वतःच मुख्य स्मृतींत माहिती नेऊन टाकतें, आणि ड्रायव्हर कार्डाच्या कोठ्यांत केवळ ‘कोठें टाकावें’ व ‘किती टाकावें’ एवढेंच लिहितो.

येथें पत्त्याचा तिसरा प्रकार उद्भवतो. कार्डाला ड्रायव्हरचा आभासी पत्ता समजत नाहीं. आणि मध्यें आयओएमएमयू हा दुभाषी बसलेला असेल तर भौतिक पत्ताही उपयोगाचा नसतो. कार्डाला कळेल असा पत्ता ड्रायव्हरनें कर्नलकडून निराळा मागून घ्यावा लागतो.