धान्य व्यापाऱ्याचा छायाचित्रकार पुत्र : यूजीन स्मिथ

अमेरिकेतील कॅन्सस हा प्रांत गव्हाचे कोठार म्हणून ओळखला जातो. तेथील विचिटा नगरात १९१८ साली एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी विल्यम यूजीन स्मिथ यांचा जन्म झाला. १९२९ नंतरच्या महामंदीत वडिलांचा व्यापार बुडाला आणि १९३६ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून जीवन संपविले. त्या वेळी सतरा वर्षांचे असलेले यूजीन स्थानिक वर्तमानपत्रांना छायाचित्रे देऊ लागले होते. त्याच वर्तमानपत्रांत वडिलांच्या मृत्यूची हकिकत विपर्यस्त स्वरूपात छापून आली, तेव्हा हा व्यवसायच सोडून द्यावा असे त्यांना वाटले. सचोटी व्यवसायात नसते, ती व्यवसाय करणाऱ्याने आपल्याबरोबर आणावयाची असते, अशी समजूत एका पत्रकार स्नेह्याने घातली म्हणून ते थांबले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ‘लाइफ’ या साप्ताहिकासाठी प्रशांत महासागरातील लढाया टिपल्या. मे १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर तोफगोळ्याच्या स्फोटाने त्यांचा चेहरा आणि डावा हात जखमी झाला. पुढली दोन वर्षे शस्त्रक्रियांतच गेली. त्यानंतर ‘लाइफ’मध्ये त्यांनी छायाचित्रांची मालिका लावून एखाद्या माणसाचे संपूर्ण जीवन सांगण्याची पद्धत नावारूपास आणली. १९४८ साली कोलोरॅडोतील एका खेड्यातील डॉक्टर आणि १९५१ साली दक्षिण कॅरोलायनातील मॉड कॅलन ही कृष्णवर्णीय परिचारिका त्यांनी वाचकांपुढे आणली. कॅलनबाई गोरगरिबांची बाळंतपणे करीत. त्यांचे काम पाहून वाचकांनी आपण होऊन पैसे पाठविले आणि त्यांतून दवाखान्याची इमारत उभी राहिली.

मात्र स्मिथ यांचा स्वभाव नोकरीस मानवणारा नव्हता. चित्रांची निवड आणि मांडणी यांवरून संपादकांशी त्यांचे सतत खटके उडत. अखेर १९५४ साली डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरील मालिकेच्या वादातून त्यांनी राजीनामा दिला. (त्याच मालिकेतील एका चित्रात त्यांनी दुसऱ्या निगेटिव्हमधील हात आणि करवत मिसळली होती, हेही सांगितले पाहिजे. सत्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाची ही सवलत खटकल्यावाचून राहत नाही.) पुढे पिट्सबर्ग शहरावर तीन आठवड्यांत शंभर चित्रे देण्याचे काम त्यांनी घेतले आणि हजारो निगेटिव्ह जमवीत त्यात काही वर्षे घालविली. व्यवहाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचाच सौदा होता.

त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी १९७१ साली आली. पत्नी आयलीन यांच्यासह ते जपानमधील मिनामाता या गावी गेले आणि तेथेच भाड्याच्या घरात तीन वर्षे राहिले. चिस्सो ही खते व रसायने बनविणारी कंपनी या गावाची अन्नदाती होती. ॲसिटाल्डिहाइड बनविताना पारा वापरला जाई, आणि त्यातून निर्माण झालेले विषारी संयुग १९३२ पासून सांडपाण्यावाटे समुद्रात जात होते. ते माशांत साठले व माशांतून माणसांत गेले. प्रथम मांजरे झटके येऊन मरू लागली. पुढे कोळ्यांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी आणि वाचा गेली. आईला बाहेरून काही लक्षण दिसत नसतानाही पोटातील बाळ पंगू जन्मास येई.

१९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले. त्यास तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष दडपून ठेवला. त्याच वर्षअखेर तिने रोगग्रस्तांना सहानुभूतीची रक्कम देऊ केली, पण करारात एक कलम घातले : पुढे दोष कंपनीचाच ठरला, तरी अधिक भरपाई मागता येणार नाही. गरजू माणसाने अंगठा उठविला म्हणजे करार न्याय्य ठरतो काय, हा प्रश्न कोणत्याही पेढीवर बसणाऱ्यास विचार करावयास लावील. पारा सोडणे थांबले ते १९६८ साली, जुनी उत्पादनपद्धती निरुपयोगी ठरल्यावर.

जानेवारी १९७२ मध्ये रोगग्रस्तांसोबत चिस्सोच्या दुसऱ्या एका कारखान्यात गेलेल्या स्मिथ यांना कंपनीच्या माणसांनी जबर मारहाण केली. त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला, तरी काम चालू राहिले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो येथील न्यायालयाने कंपनीस दोषी ठरविले आणि १९५९ चा तो करारही रद्दबातल केला. हा विजय रोगग्रस्तांच्या चिकाटीचा होता. स्मिथ यांच्या छायाचित्रांनी तो लढा जगापर्यंत पोहोचविला. १९७५ मध्ये पती-पत्नींचे ‘मिनामाता’ हे पुस्तक निघाले. १५ ऑक्टोबर १९७८ रोजी ॲरिझोनातील टूसान येथे स्मिथ यांचे निधन झाले, तेव्हा बँकेतील खात्यात केवळ १८ डॉलर शिल्लक होते.

मिनामाताच्या चित्रांतील सर्वांत गाजलेले चित्र डिसेंबर १९७१ मधील आहे. जन्मतःच या विषाने पंगू झालेल्या आपल्या मुलीला आई मांडीवर घेऊन न्हाऊ घालीत आहे. ‘लाइफ’ने ते जून १९७२ मध्ये छापले. ती मुलगी १९७७ साली वारली. लेकीस आता विश्रांती मिळावी, असे मातापित्यांना वाटत होते. १९९८ मध्ये आयलीन यांनी त्या चित्राबद्दलचा निर्णय त्यांच्या स्वाधीन केला, आणि पुढे कित्येक वर्षे ते नव्याने छापण्यास परवानगी दिली गेली नाही.