पाहिलेले किती, अंदाजाचे किती?

न्यायालयात साक्षीदाराला आम्ही वकील मंडळी हमखास एक प्रश्न विचारतो : हे तुम्ही स्वतः पाहिले, की तुमचा अंदाज आहे? भूजलाच्या नकाशाला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो घडला. थराच्या वरच्या भागात बहुधा सच्छिद्र मांजऱ्या खडक, खाली घट्ट काळा पाषाण आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी मुरते ते मुरुमात, मांजऱ्यात आणि भेगांत. भेगा नसलेला पाषाण जवळजवळ कोरडाच. म्हणूनच कोणता थर किती खोल, यावर वस्तीच्या विहिरीचे भवितव्य ठरते.

हे थर कळतात ते विहिरीच्या भिंतीत आणि बोअरमधून निघालेल्या चुऱ्यात. समजा, दोन किलोमीटर अंतरावरच्या दोन बोअरमध्ये तांबडा पट्टा ३० आणि ५० मीटरवर लागला. संगणक दोहोंच्या मधोमध ४० मीटर लिहून मोकळा होतो! यालाच अंतर्वेशन म्हणतात. प्रत्यक्षात तो पट्टा मध्येच संपलेला असेल किंवा डाइक म्हणजे थर कापत उभी गेलेली खडकाची भिंत वाटेत असेल. दोन बोअरच्या नोंदींना त्याची खबरही नसते.

शास्त्र हे जाणते. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये सोन्याच्या साठ्यांचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी तिला गणिती पाया दिला. ‘क्रिगिंग’ नावाची ही पद्धत अंदाजासोबत तो किती चुकू शकतो हेही सांगते. बोअरपासून जितके दूर, तितकी चुकीची शक्यता अधिक. पण नकाशावर एकच ठळक रेष उमटली की हा दुसरा आकडा लोकांपर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न केवळ शास्त्राचा नाही, हक्काचा आहे. १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर खोदण्यास मनाई केली होती. पण पाणी कायद्याचे वर्तुळ पाहून वाहत नाही, ते थर पाहून वाहते. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. त्याने पाणलोट आणि भूजलधर यांच्या आधारे क्षेत्र अधिसूचित करण्याची सोय केली. पाऊल योग्यच आहे. मात्र आता जमिनीखालची रेषच ठरवणार की कोणाच्या विहिरीवर बंधन आणि कोणाची मोकळी.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य असते, परंतु न्यायालय त्या मताचा आधार तपासते. गावानेही तपासावा. नकाशावर प्रत्यक्ष बोअर कुठे झाले ते दाखवा. अंदाजाची रेष तुटक काढा. बोअर यंत्रांच्या नोंदणीची तरतूद कायद्यात आहेच. त्या यंत्राने घेतलेल्या प्रत्येक बोअरची थरनिहाय नोंद ग्रामपंचायतीत जमा करून घ्या. ज्याच्याकडे पैसा, त्याच्या शेतात बोअर. मग ज्यांच्याकडे पैसा नाही, त्यांच्या पायाखालची जमीन नकाशात केवळ अंदाजाने भरली जाते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत भूजलाचा नकाशा मांडला गेला, तर मान डोलावण्यापूर्वी उभे राहून विचारा : साहेब, यातले पाहिलेले किती आणि अंदाजाचे किती?