उड्डाणबंदीचा पहारा

ज्या आकाशात परवानगीशिवाय विमानाने शिरायचे नाही, त्याला उड्डाणबंदी क्षेत्र म्हणतात. आपल्या भूमीवरचे आकाश प्रत्येक राष्ट्राच्या मालकीचे असते, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले. लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षा यांसाठी आकाशाचा एखादा भाग बंद ठेवण्याचा अधिकारही त्याच कराराने दिला. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रावरील आकाश असेच कायमचे बंद आहे. काही बंदी मात्र तात्पुरती असते. महत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा किंवा क्षेपणास्त्राची चाचणी असली की वैमानिकांना आधी सूचना देऊन ठरावीक वेळेपुरते आकाश बंद केले जाते.

युद्धकाळातली उड्डाणबंदी याहून वेगळी असते. तिथे एका देशाच्या आकाशावर दुसऱ्या देशांची लढाऊ विमाने पहारा देतात. इराकमध्ये उत्तरेला १९९१ पासून आणि दक्षिणेला १९९२ पासून अमेरिका व तिच्या मित्रदेशांनी असा पहारा ठेवला आणि तो २००३ पर्यंत चालला. बोस्नियात संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार नाटोने एप्रिल १९९३ मध्ये गस्त सुरू केली. फेब्रुवारी १९९४ मध्ये बंदी मोडणारी चार लढाऊ विमाने तिने पाडली.

या गस्तीची पद्धत ठरलेली असते. लढाऊ विमाने बहुधा जोडीने उडतात आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यात लांबट घिरट्या घालत राहतात. इंधन संपत आले की टँकर विमानाकडून हवेतच भरून घेतात किंवा दुसऱ्या जोडीच्या हाती पहारा सोपवून परततात. दूरवरचे पाहण्याचे काम जमिनीवरची रडार आणि पाठीवर मोठी तबकडी घेऊन उडणारी टेहळणी विमाने करतात. शांततेच्या काळात सतत गस्त परवडत नाही. तेव्हा वैमानिक तळावरच सज्ज असतात आणि इशारा मिळताच काही मिनिटांत झेपावतात.

अनोळखी विमान दिसले की आधी त्याची ओळख पटवली जाते. उड्डाणाचा मार्ग पूर्वी कळवलेला आहे का, त्याचे ओळख सांगणारे यंत्र, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, कोणता क्रमांक पाठवते, रेडिओवर उत्तर मिळते का, हे पाहिले जाते. उत्तर नसेल तर लढाऊ विमान त्याच्या पुढे डावीकडे येऊन पंख डोलावते. त्याचा अर्थ ‘माझ्या मागे या’. समोरच्याने पंख डोलावले की त्याला ते मान्य आहे असे समजतात. धावपट्टीवर चाके खाली सोडून घातलेली घिरटी म्हणजे ‘इथे उतरा’.

मुंबईने असा प्रसंग पाहिला आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका अँतोनोव्ह-२६ विमानाने पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात रायफली आणि काडतुसांचा मोठा साठा टाकला. त्या रात्री त्याला कोणी अडवले नाही. तेच विमान काही दिवसांनी चेन्नईहून कराचीकडे निघाले असता हवाई दलाच्या मिग-२१ ने त्याला मुंबईत उतरवले. विमानातला ब्रिटिश शस्त्रव्यापारी पीटर ब्लीच आणि पाच लाटव्हियन कर्मचारी पकडले गेले. मुख्य सूत्रधार किम डेव्ही मात्र विमानतळावरून निसटला. वेळीच पाहणारे डोळे नसतील तर नुसती बंदी कामाची नाही, आणि विमान उतरवल्यावर खालची पोलिस व्यवस्थाही तितकीच दक्ष हवी, हे दोन्ही धडे त्या एका विमानाने दिले.

सर्वांत कठीण निर्णय गोळी झाडण्याचा असतो. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि २६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात नवे कलम आले. उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये, आणि ते अडवताना आतील माणसांचे प्राण धोक्यात येऊ नयेत, असे ते सांगते. ओळख पटवण्यातली चूक आपल्यांनाही भोवते. एप्रिल १९९४ मध्ये इराकवर पहारा देणाऱ्या अमेरिकी विमानांनी आपलीच दोन हेलिकॉप्टर पाडली आणि २६ जण गेले. म्हणून शस्त्र चालवण्याचा हुकूम वैमानिकाच्या मर्जीवर न सोडता आदेशांच्या साखळीने बांधलेला असतो.

आता ड्रोनमुळे हा विषय गावोगावी पोचला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केले. हिरव्या भागात साधारण ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला आगाऊ परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, तर लाल भागात केंद्र सरकारची परवानगी लागते. भिवंडीतल्या कामतघरच्या तलावावर विसर्जनाचे चित्रीकरण करायचे असले, तरी आधी सरकारी ऑनलाइन नकाशा आणि पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश पाहावेच लागतात. इतक्या लहान यंत्रामागे लढाऊ विमान धाडणे व्यवहार्य नसते. त्याचे संकेत रोखणारे जॅमर, जमिनीवरची रडार आणि स्थानिक पोलिस यांच्यावरच तिथला पहारा अवलंबून असतो.