चंचल मुलांची मोजदाद : समज आणि वस्तुस्थिती

क्रांती चौकाच्या आसपासच्या एखाद्या शाळेतून वर्गशिक्षिकेने भरून दिलेली प्रश्नावली हाती घेऊन जे मातापिता घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची पायरी चढतात, त्यांच्या मनात बहुधा एकच भय असते : कागदावरील बेरीज अमुक आकड्यापलीकडे गेली, की आपल्या मुलाच्या भवितव्याचा फैसला झाला. हे भय अनाठायी आहे. अध्यापनशास्त्रात जिला पदनिश्चयन श्रेणी म्हणतात, ती म्हणजे मुलाला रोज पाहणाऱ्या माणसाची लेखी जबानी होय. आणि निवाडा केवळ एका साक्षीवर होत नसतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांप्रमाणे अवधान-न्यूनता व अतिचंचलता या विकारात अवधान-न्यूनतेची नऊ आणि अतिचंचलतेची नऊ लक्षणे आहेत. मुलांच्या बाबतीत यांपैकी एका गटातील निदान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी ती आढळून मुलाच्या जीवनक्रमात प्रत्यक्ष बाध आलेला असावा लागतो. यांतील लक्षणांची गणती कागद करू शकतो. परंतु मुलाला ऐकू नीट येते काय, झोप पुरी होते काय, घरात कलह आहे काय, वाचनातच मूलभूत अडचण आहे काय, ही चौकशी वैद्यालाच करावी लागते.

दुसरा समज असा की, परदेशात नावाजलेली मापिका सर्वत्र सारखीच लागू पडते. कीथ कॉनर्स यांनी १९६९ साली शिक्षकांसाठी प्रसिद्ध केलेली श्रेणी या क्षेत्रात पायाभूत मानली जाते, हे खरे. तथापि कोणता गुण ‘अधिक’ समजावा हे ज्या मुलांच्या सरासरीवरून ठरते, ती मुले कोणत्या देशातील, कोणत्या वयाची आणि केवढ्या वर्गांत बसणारी होती, हे विचारल्यावाचून तो आकडा मुका राहतो. म्हणूनच सहा ते नऊ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी इनक्लेन या संस्थेच्या पुढाकाराने स्वतंत्र साधन रचले गेले आणि तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून २०१४ साली ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

शंभरात नव्वद वेळा अचूक ठरणारी मापिका म्हणजे तिने दाखविलेल्या शंभरांपैकी नव्वद मुले खरोखर बाधित, ही समजूत तर सुशिक्षितांतही आढळते, आणि माझ्या मते सर्वाधिक अनर्थ हीच करते. समजा, एक हजार मुलांत पन्नास बाधित आहेत. मापिका त्यांतील पंचेचाळीस ओळखील. परंतु उरलेल्या साडेनऊशेंपैकी पंचाण्णव निरोगी मुलांवरही ती खूण करील. खूण झालेली एकशे चाळीस, खरोखर बाधित पंचेचाळीस : म्हणजे तिघांतला जेमतेम एक. रुग्णालयात आधीच निवडून आलेल्या मुलांवर तीच मापिका पुष्कळ विश्वसनीय ठरते, आणि संपूर्ण शाळेत सरसकट वाटली असता तीच शेकडो घरांत नाहक धास्ती पसरविते.

शिक्षिका ‘फार वेळा’ लिहिते आणि आई ‘क्वचित’, तेव्हा दोघींपैकी एक खोटे सांगते असे घरचे लोक समजतात. थॉमस अकेनबाख व सहकाऱ्यांनी १९८७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हा पालक-शिक्षकांसारख्या भिन्न भूमिकांतील निरीक्षकांच्या नोंदींतील सरासरी सहसंबंध अवघा ०.२८ भरला. साठ मुलांच्या वर्गातील मूल आणि आजीच्या शेजारी बसलेले मूल यांच्यापुढची परिस्थितीच वेगळी असते; दोन्ही नोंदी सत्य असू शकतात, आणि त्यांतील अंतर हीच वैद्याला उपयोगी माहिती असते.

वयाचाही विसर पडतो. अमेरिकेत १ सप्टेंबर ही शाळाप्रवेशाची सीमा असलेल्या राज्यांतील २०१८ सालच्या अभ्यासात, वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या ऑगस्टमधील मुलांत हे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. ज्याला आपण व्याधी म्हणतो ते पुष्कळदा केवळ अकरा महिन्यांचे धाकटेपण असते. उलटपक्षी, कोणालाही त्रास न देता खिडकीबाहेर पाहत बसणारी शांत मुलगी कोणाच्याच नजरेस येत नाही, हे मला अधिक चिंताजनक वाटते.

निदान झाले की प्रश्नावलीचे काम संपले, असेही नाही. उपचारांचा गुण पाहण्यासाठी तीच श्रेणी त्याच शिक्षिकेकडून पुन्हा भरून घेतात; मात्र कोणताही उपचार नसताना देखील दुसऱ्या वेळी गुण काहीसे उतरतात, असा अनुभव असल्यामुळे उपचारापूर्वीच ती दोनदा भरून घ्यावी, आणि दुसरी नोंद तुलनेसाठी प्रमाण धरावी.