ब्रॅडफर्डमधील वास्तू व प्रार्थनास्थळे

ब्रॅडफर्ड हे इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायर काउंटीतील लोकर-उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही हजार वस्ती असलेले हे बाजारगाव 1851 पर्यंत एक लाखाच्या पुढे गेले. 1897 मध्ये त्यास नगराचा अधिकृत दर्जा मिळाला. लांब धाग्याची लोकर विंचरून तयार केलेले गुळगुळीत वर्स्टेड कापड ही या शहराची खासियत. त्या व्यापारातून आलेला पैसा, त्यासाठी आलेली माणसे आणि पुढे तो व्यापार ओसरल्यावर मागे उरलेल्या इमारती यांतून शहराचे आजचे रूप घडले आहे. येथील वास्तू कोणी बांधली यापेक्षा ती आज कोण वापरते, हा प्रश्न अधिक बोलका ठरतो.

व्यापाराची मंदिरे

लॉकवुड व मॉसन या वास्तुविशारदांच्या पेढीने शहराचा मध्यभाग घडविला. त्यांचे लोकर विनिमयगृह 1867 मध्ये खुले झाले. व्हेनिसच्या गॉथिक धाटणीचे कमानदार दालन आणि उंच मनोरा यांमुळे ते बाजारापेक्षा देवालयासारखेच दिसते. इमारतीच्या रचनेविषयी सल्ला देण्यासाठी 1864 मध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांना व्याख्यानास बोलावण्यात आले होते. त्यांनी यजमानांना तोंडावर सुनावले, की या इमारतीविषयी आपल्याला काडीचीही आस्था नाही. गिरणीमालकांचा खरा धर्म संपत्ती मिळविण्याचा असून त्यांनी त्याच देवतेला शोभेल अशी वास्तू उभारावी. यजमानांनी मात्र गॉथिकच पसंत केले. आज त्या दालनात पुस्तकांचे दुकान आहे. रस्किन यांना हा शेवट कदाचित रुचला असता.

जवळच 1873 चे नगरभवन आहे. त्याच्या मनोऱ्यावर फ्लॉरेन्समधील पालात्सो व्हेक्यो या वास्तूची छाप असून दर्शनी भिंतीवर इंग्लंडच्या राज्यकर्त्यांचे पुतळे ओळीने बसविले आहेत. त्यांत राजाचा शिरच्छेद घडविणारा ऑलिव्हर क्रॉमवेलही आहे.

मॅनिंगहॅम भागातील लिस्टर गिरणी या सर्वांहून प्रचंड. 1871 च्या आगीनंतर सॅम्युअल लिस्टर याने ती नव्याने बांधली. तिथे रेशीम व मखमल तयार होई. तिचे सुमारे 76 मीटर उंचीचे धुराडे शहरात दुरूनही नजरेत भरते. अमेरिकेने वाढविलेल्या आयात करामुळे मजुरीत कपात करण्याचे 1890 च्या डिसेंबरात जाहीर झाले, आणि कामगारांनी एप्रिल 1891 पर्यंत संप चालविला. संप फसला, पण त्यातून जागी झालेली राजकीय जाणीव 1893 मध्ये याच शहरात इंडिपेंडंट लेबर पार्टीच्या स्थापनेस कारणीभूत ठरली. गिरणी 1992 मध्ये बंद पडली आणि पुढे तिच्या मोठ्या भागात सदनिका झाल्या. सर्वच वास्तूंना असे भाग्य लाभले नाही. लेखक जे. बी. प्रीस्टली यांनी तरुणपणी ज्या स्वॉन आर्केडमध्ये कारकुनी केली, ते 1960 च्या दशकात पाडण्यात आले.

शहराच्या वायव्येस टायटस सॉल्ट याने कामगारांसाठी वसविलेले सॉल्टेअर हे गाव 2001 पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्याने तेथे मद्यगृहाला परवानगी दिली नाही. गिरणीसमोर 1859 चे इटालियन शैलीतील काँग्रिगेशनल चर्च असून सॉल्टची समाधीही तेथेच आहे.

ख्रिस्ती प्रार्थनास्थळे

संत पीटरचे चर्च शहरातील सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक असून 1919 मध्ये ते कॅथेड्रल झाले. सतराव्या शतकातील यादवी युद्धात राजपक्षाच्या तोफांपासून मनोरा वाचावा म्हणून नागरिकांनी त्यावर लोकरीचे गठ्ठे टांगले होते. गिरणी-कामगार व व्यापारी मात्र मोठ्या संख्येने मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आदी पंथांचे होते, आणि त्यांची चॅपेल वस्तीवस्तीत उभी राहिली. विसाव्या शतकात उपासक घटले तशी यांतील अनेक बंद झाली. मेथडिस्टांचे 1904 चे ईस्टब्रुक हॉल 1986 मध्ये बंद होऊन पुढे आगीत सापडले. आता जुन्या दर्शनी भागामागे घरे आहेत.

घरातील मशीद ते घुमटाची मशीद

दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांना मजूर हवे होते. आधी पोलंड, युक्रेन आदी पूर्व युरोपीय देशांतून आणि मग भारतीय उपखंडातून लोक आले. मीरपूर भागातून आलेल्यांची संख्या मोठी होती. 1960 च्या दशकातील मंगला धरणाने तेथील अनेक गावे बुडविली होती. लोकर विंचरण्याच्या खात्यातील रात्रपाळी बहुतांशी पाकिस्तानी कामगारांवर चाले.

शहरातील पहिली मशीद 1959 मध्ये हॉवर्ड स्ट्रीटवरील एका साध्या राहत्या घरात सुरू झाली. अशा घरांची किंवा जुन्या चॅपेलची रचना मक्केच्या दिशेशी क्वचितच जुळते. त्यामुळे आत नमाजाच्या रांगा भिंतींना तिरप्या आखाव्या लागतात, आणि बाहेरून न दिसणारा हा फरक सतरंजीवरून लगेच कळतो. पुढच्या पिढीने घुमट-मिनारांच्या स्वतंत्र मशिदी बांधल्या. हॉर्टन पार्क अव्हेन्यूवरील भव्य मशीद तर जुन्या रेल्वे स्थानकाच्या जागेवर उभी आहे. मशिदींची समन्वय परिषद 1981 पासून कार्यरत आहे. शिखांची गुरुद्वारे आणि लीड्स रोडवरील लक्ष्मीनारायण मंदिर हीही याच स्थलांतराची देणगी. या मंदिरास 2007 मध्ये राणी दुसरी एलिझाबेथ हिने भेट दिली.

हे सहजीवन नेहमीच सुरळीत नव्हते. 1989 मध्ये येथे सलमान रश्दी यांच्या कादंबरीची जाहीर होळी झाली, तर जुलै 2001 मध्ये मॅनिंगहॅममध्ये मोठी दंगल उसळली. वेगवेगळे समाज एकमेकांपासून तुटून राहतात, असे त्या काळातील अहवालाने नोंदविले.

बोलंड स्ट्रीटचे सिनेगॉग

या पार्श्वभूमीवर मॅनिंगहॅममधीलच एका लहानशा सिनेगॉगची हकिकत महत्त्वाची आहे. लोकर-व्यापारासाठी जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबांनी ते 1881 मध्ये बांधले. याच जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारींचा भाग आजही ‘लिटल जर्मनी’ म्हणून ओळखला जातो. आलटून-पालटून लावलेल्या दोन रंगांच्या दगडांचे पट्टे आणि नालाकृती कमानी यांमुळे सिनेगॉग मूरिश, म्हणजे स्पेनमधील मुस्लिम वास्तुशैलीची आठवण करून देते. दीडशे वर्षांच्या आत त्याभोवतीची वस्ती बहुतांशी मुस्लिम झाली आणि उपासक मोजकेच उरले. 2012 च्या सुमारास छत गळू लागले व इमारत विकण्याची वेळ आली. तेव्हा शेजारचे मुस्लिम व्यावसायिक आणि मशिदींची परिषद मदतीस धावली, निधी उभा राहिला आणि पुढे राष्ट्रीय लॉटरी निधीचेही अनुदान मिळाले. सिनेगॉगच्या कार्यकारी मंडळात पुढे एका मुस्लिम व्यक्तीलाही स्थान देण्यात आले.

अंडरक्लिफ दफनभूमी

शहरावर नजर ठेवणाऱ्या टेकडीवर 1854 मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी आहे. तिचा एक भाग अँग्लिकनांसाठी, तर दुसरा इतर पंथीयांसाठी होता. मुख्य वाटेवर गिरणीमालकांचे उंच स्तंभ एकमेकांशी स्पर्धा करतात; इलिंगवर्थ घराण्याची समाधी तर इजिप्शियन देवळासारखी असून दाराशी स्फिंक्स बसविले आहेत. चालविणारी कंपनी बुडाल्यावर ही जागा एका विकासकाकडे गेली आणि तेथील चॅपेल पाडण्यात आली. स्थानिकांच्या लढ्यानंतर 1980 च्या दशकात महापालिकेने ती ताब्यात घेतली. येथून खाली पाहिले असता लिस्टरचे धुराडे, नगरभवनाचा मनोरा आणि मशिदींचे घुमट एकाच नजरेत येतात.